रॉकेट झोकात वर जातं, ग्लायडर मात्र दगडासारखा खाली येतो: बिघडतं नेमकं कुठे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ग्लायडरची सात उड्डाणं झाली. त्यातल्या चार वेळा तो सुसाट वर गेला, ‘फट्’ असा आवाज आला, पॉड (मोटार बसवलेली कागदी नळी) सुटला, त्याची लाल फीत फडफडली, आणि ग्लायडर नाक खाली करून थेट गवतात रुतला. उरलेल्या तीन वेळा तोच ग्लायडर घारीसारखा घिरट्या घालत आरामात उतरला. दर वेळी पडला असता तर कारण दोन दिवसांत सापडलं असतं. तीनदा नीट उडाला, म्हणून सगळा जून वाया गेला.

सविस्तर लिहितेय, कारण या तक्रारीवर सहसा जे उपाय सांगितले जातात ते मी सगळे केले होते. त्यातल्याच एका उपायाने खरा घोळ घातला होता.

मी ओहायोत राहते. अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन महिन्यातून एकदा मॉडेल रॉकेट उडवायला जाते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आमचा ग्लायडर म्हणजे बाल्सा लाकडाचं साधं विमान. पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत तीस सेंटिमीटर, पंखाची जाडी अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर, शेपटीची त्याहून कमी. वजन पंधरा ग्रॅम, म्हणजे छपाईच्या तीन कोऱ्या कागदांइतकं. त्याच्या नाकावर, एका छोट्या खांबावर, कागदी नळीचा पॉड बसतो. पॉडमध्ये १३ मिलिमीटर व्यासाची बारकी मोटार, पुढे टोपणासारखं नाक आणि नाकामागे घडी घातलेली फीत. मोटार सेकंदभरात जळून संपते. मग काही सेकंद नुसता धूर सोडत रॉकेट वर सरकत राहतं, आणि शेवटी मोटारीच्या पुढच्या तोंडाने एक छोटा स्फोट होतो. त्याने पॉडचं नाक उडतं, त्या धक्क्याने पॉड मागे सरकून खांबावरच्या आकड्यातून (हुकातून) सुटतो आणि फितीवर लटकत खाली येतो. इथून पुढे ग्लायडर एकटा.

मोटार नाकापाशी बसवायची ही युक्ती अमेरिकेत लॅरी रेंगर यांनी १९६०च्या दशकात आणली. त्याआधीच्या ग्लायडरांत मोटार मागे असायची. नवख्यांसाठी पुढची मोटार सोपी, कारण वर जाताना वजन आपोआप पुढे राहतं आणि रॉकेट सरळ जातं. पण इथेच एक गोम आहे. वर जाणारं यान आणि खाली येणारं यान ही दोन वेगळी यानं आहेत. वजन वेगळं, तोल वेगळा, वेग तर फारच वेगळा. वर छान गेलं म्हणजे खाली छान येईल, असं काही नाही.

आधी विचारा: केव्हा?

मैदानावर कुणी “आमचा पडला” म्हणालं की जुनी मंडळी सगळ्यात आधी विचारतात, केव्हा बिघडला? दांडीवरून (ज्या उभ्या सळईवरून रॉकेट उडतं ती) सुटताना, पॉड सुटताना, की सुटल्यानंतर? मला सुरुवातीला हा प्रश्न निरर्थक वाटायचा. पडला तो पडला. पण या तिन्ही वेळांची कारणं एकमेकांना अजिबात शिवत नाहीत, आणि डोळ्यांनी पाहून आपल्याला वाटतं ते हमखास चुकतं. फोनवर संथ गतीचं चित्रण करा. एकाने उडवायचं, दुसऱ्याने फक्त फोन धरायचा. आमच्या तिसऱ्या उड्डाणात पॉड अडकला असं मी आणि लेक दोघी शपथेवर सांगत होतो. चित्रणात पाहिलं तर पॉड व्यवस्थित सुटला होता.

दांडीवरचे बिघाड लवकर उरकते, कारण ते दिसतात आणि पटकन दुरुस्त होतात. ग्लायडरची शेपटी मोटारीच्या बरीच खाली लोंबत असते. पॉड दांडीवर नुसता सोडून दिला तर सगळा भार शेपटीवर येतो, शेपटी खालच्या पत्र्यावर टेकते आणि पॉड आकड्यातून सैल होतो. बटण दाबलं की पॉड एकटाच आकाशात, ग्लायडर तिथेच. आम्ही हे करून बसलोय (त्या सातांत हे धरलेलं नाही, लेकीच्या मते ते उड्डाणच नव्हे). उपाय म्हणजे कपडे वाळत घालायचा चिमटा. तो दांडीला हव्या त्या उंचीवर लावायचा आणि पॉड त्याच्यावर टेकवायचा. ग्लायडर पॉडला लटकला पाहिजे, पॉड ग्लायडरवर बसता कामा नये. दुसरं, इग्नायटरच्या, म्हणजे मोटार पेटवणाऱ्या तारेच्या क्लिपा. वायरच्या ओझ्याने त्या शेपटीत अडकतात. शेजारी एक काठी रोवून वायर तिला चिकटपट्टीने बांधा, म्हणजे क्लिपा सुटून बाजूला पडतील.

वर जाताना ग्लायडर पाठीच्या बाजूला, म्हणजे पॉडच्या दिशेने वळत मोठं रिंगण घेत असेल, तर पंख गरजेपेक्षा जास्त उचलतोय. पोटाच्या दिशेने वळून जमिनीकडे येत असेल तर उलट. पॉड वरच्या बाजूला बसलेला असल्यामुळे त्याचा जोर नाकाला मुळातच थोडा खाली दाबतो. दोन्हीत खांब सरळ चिकटला आहे का ते आधी बघा. खांब वाकडा असताना पंखात बदल करत बसू नका. किंचित कमान घेत जाणं मात्र चालतं. या यानाकडून बाणासारखं सरळ जाण्याची अपेक्षा धरली की माणूस नको तिथे हात घालतो.

पॉड सुटताना

इथे बिघाड दोन प्रकारचे. पॉड सुटतच नाही, किंवा सुटतो पण फीत ग्लायडरला गुरफटते. दुसऱ्या प्रकाराला या छंदात ‘रेड बॅरन’ म्हणतात. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक रिश्टहोफेन याचं हे टोपणनाव. त्याने विमानं पाडली, फीत आपली पाडते. नाक आणि फीत पॉडला बांधून ठेवणारी आमची रबरी दोरी लांबलचक होती. नाक उडून पुढे जायचं आणि रबर ताणून परत येताना शेपटीला वेढा द्यायचं. दोरी ग्लायडरच्या लांबीपेक्षा आखूड केली आणि फीत गुंडाळायच्या ऐवजी पंख्यासारख्या घड्या घालून भरली, त्यानंतर एकदाही झालं नाही. पॅराशूट मात्र लावू नका. पॉडने झटकन खाली निघून जावं, हेच आपल्याला हवं असतं.

पॉड सुटत नसेल तर नव्वद टक्के दोष मोटारीच्या बसण्यात, निदान आमच्या मैदानावर तरी. नाक उडालं तर त्याच्या धक्क्याने पॉड मागे ढकलला जातो. पण मोटार सैल असेल तर स्फोटाचा जोर सोपी वाट धरतो. मोटारच मागून बाहेर फेकली जाते, नाक जागच्या जागी राहतं आणि रिकामा पॉड डोक्यावर घेऊन ग्लायडर खाली येतो. मोटारीला चिकटपट्टीचे एक-दोन वेढे देऊन ती नळीत घट्ट बसवा. नाक त्यामानाने सैल हवं, पण इतकंही नको की पॉड उलटा धरल्यावर आपोआप गळेल. थोडक्यात, मोटार घट्ट आणि नाक सुखाने निघेल असं.

आकडा तपासायची साधी रीत: जळलेली मोटार घालून पॉड बसवा, ग्लायडर हातात नाक वर करून उभा धरा. पॉड स्वतःच्या वजनाने खाली सरकून पडला पाहिजे. अडकला तर बारीक पॉलिशपेपर फिरवा आणि घासल्या जागी मऊ शिसपेन्सिल रगडा. ही तपासणी घरी करून भागत नाही. इथल्या दमट उन्हाळ्यात लाकूड फुगतं. शुक्रवारी रात्री एसीत सहज सरकणारा आकडा शनिवारी दुपारी शेतात घट्ट झालेला असतो. आमच्या चारपैकी एक अपयश मी बरेच दिवस याच खात्यात टाकलं होतं.

पण चित्रण सांगत होतं की चारही वेळा पॉड सुटलाय.

सुटल्यानंतर

आता मुख्य गोष्ट. मी प्रत्येक उड्डाण वहीत लिहून ठेवत होते. ती वही काढली. तीन उड्डाणं ‘ए१०-३टी’ मोटारीवर, चार ‘ए३-४टी’वर. ही खूण वाचायला सोपी आहे. अक्षर म्हणजे मोटारीची एकूण ताकद, पहिला आकडा जोर किती ते सांगतो, दुसरा आकडा म्हणजे जळून संपल्यावर स्फोट व्हायला लागणारे सेकंद. ‘टी’ म्हणजे बारक्या व्यासाची. तीन सेकंदांच्या मोटारीवर दोन उड्डाणं चांगली, एक वाईट. चार सेकंदांच्या मोटारीवर एक चांगलं आणि तीन वाईट.

मी लगेच निकाल लावला: चार सेकंद फार होतात. पंखवालं यान साध्या रॉकेटपेक्षा हवेत जास्त अडतं, लवकर थांबतं. चौथ्या सेकंदापर्यंत ते माथ्यावरून वळून खाली निघालेलं असतं, म्हणून सूर मारतं. तीन सेकंदांचीच वापरायची, विषय संपला. हे म्हणणं चुकीचं नव्हतं. कमी सेकंदांची मोटार नवख्यांसाठी केव्हाही बरी. खरं तर सुरुवात त्याहून निम्म्या ताकदीच्या आणि दोन सेकंदांच्या ‘अर्धा ए३-२टी’ने करावी. ग्लायडर जवळ राहतो, दिसतो, हरवत नाही. पण तीन सेकंदांच्या मोटारीवरचं ते एक वाईट उड्डाण माझ्या निकालात बसत नव्हतं. मी त्याला ‘वारा’ म्हणून सोडून दिलं. वहीत ‘वारा’ असा शब्द आला की समजावं, लिहिणाऱ्याला कारण सापडलेलं नाही.

मैदानावर एक आजोबा येतात. साठ वर्षांपासून हे करतायत. त्यांनी चित्रण पाहिलं आणि विचारलं, स्फोटाच्या वेळी नाक खाली होतं हे ठीक, पण त्यानंतर ग्लायडर पन्नास-साठ फूट नुसता सरळ का येतोय? नाक उचलायचा प्रयत्नसुद्धा का करत नाही? मग ते म्हणाले, हा ग्लायडर हातातून फेकून ट्रिम करताना, म्हणजे त्याचा तोल जुळवताना तुम्ही काय केलं होतं ते आठवा.

मे महिन्यात आम्ही तो अंगणात फेकून पाहिला होता. तो हेलकावे खात होता: नाक वर, वेग कमी, नाक धपकन खाली, थोडा वेग, पुन्हा नाक वर. हे शेपूटजड असल्याचं लक्षण. कुठलीही मार्गदर्शिका सांगते की यावर दोन उपाय आहेत. नाकाला क्ले लावा, किंवा आडव्या शेपटीची मागची कड किंचित खाली वाकवा. लेकीचं क्ले सुकून खडा झालं होतं. शेपटी पातळ, तोंडाची वाफ देऊन बोटांनी दाबली की वळते. दोन मिनिटांचं काम. मी शेपटी खाली वाकवली, हेलकावे बंद झाले, ग्लायडर अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषेत गेला. लेकीने टाळ्या वाजवल्या.

हातातून फेकल्यावर दोन्ही उपायांचा परिणाम हुबेहूब सारखा दिसतो. आकाशात तो विरुद्ध असतो. का, ते सांगते.

चांगल्या ट्रिम केलेल्या ग्लायडरचं नाक जड असतं, ते सतत खाली जाऊ पाहतं. आडवी शेपटी पंखापेक्षा किंचित कमी कोनात, म्हणजे मागची कड जराशी वर अशी असते, त्यामुळे हवा तिला खाली दाबते आणि नाक वर राहतं. याला तराजू समजा. एका पारड्यात नाकाचं वजन, दुसऱ्यात शेपटीवरचा हवेचा दाब. वजन कायम तेवढंच असतं. हवेचा दाब मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. म्हणून ग्लायडर सूर मारत वेगात आला की शेपटीचं पारडं जड होतं आणि नाक आपोआप उचललं जातं. वेग मंदावला की वजनाचं पारडं जड होतं, नाक खाली येतं आणि वेग परत मिळतो. तो स्वतःला सावरतो.

मी काय केलं? नाकाला वजन दिलं नाही, आणि शेपटीचा कोन काढून टाकला. दोन्ही पारडी रिकामी केली. रिकामी पारडी असली तरी तराजू समतोलच दिसतो. अंगणात तो समतोल दिसला, कारण मी त्याला अचूक त्याच्याच वेगाने, अचूक आडवा सोडत होते. तिथे सावरण्याची गरजच नव्हती. वर आकाशात पॉड सुटला तेव्हा नाक आडवं असेल तर ग्लायडर तरंगत निघून जायचा. नाक खाली असेल तर त्याला वर खेचणारं काहीच नव्हतं, म्हणून तो त्याच दिशेने जमिनीपर्यंत यायचा. चार सेकंदांच्या मोटारीवर नाक बहुतेक वेळा खाली असायचं, तीन सेकंदांच्या मोटारीवर कधीतरी. मोटारीने फक्त माझी चूक उघडी पाडली होती.

मार्गदर्शिकेत दोन उपाय एकाच वाक्यात, मधे ‘किंवा’ घालून दिलेले असतात. त्या ‘किंवा’वर माझा राग आहे. साध्या हातफेकीच्या ग्लायडरला तो शब्द चालतो. जो ग्लायडर स्फोटाने, वाटेल त्या अवस्थेत हवेत सोडला जाणार आहे त्याला चालत नाही.

दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा आहे. आधी शेपटी सरळ करा. किटलीची वाफ, किंवा आमच्याकडे इडलीपात्राची, दहा-पंधरा सेकंद दाखवायची, बोटांनी हव्या त्या आकारात धरायची आणि थंड होईपर्यंत सोडायची नाही. इथे शेपटीची मागची कड नुसती सरळ करून थांबू नका, जराशी वर ठेवा. किती? बाजूने पाहिल्यावर जेमतेम कळेल इतकी, मिलिमीटरभर.

आता फेकलात तर ग्लायडर पुन्हा भयंकर हेलकावे खाईल. घाबरायचं नाही, आता त्याला क्लेचं औषध द्यायचं. एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढा गोळा नाकाच्या टोकाला, प्रत्येक गोळ्यानंतर दोनदा फेकायचं. आम्हाला एकूण सहा-सात दाणे लागले. हेलकावे जेमतेम थांबले की थांबा. वजन धातूचं लावण्याचा मोह होईल, तुकडा लहान आणि सोयीचा असतो. पण इथल्या राष्ट्रीय रॉकेट संघटनेच्या सुरक्षा नियमांत नाक, धड आणि पंख हलक्या, अधातू वस्तूंचे असावेत असं स्पष्ट आहे. उद्या तो कुणाच्या डोक्यात पडला तर, एवढा विचार पुरे आहे. क्ले लावा, वरून पातळ चिकटपट्टीचा एक वेढा द्या. उन्हात तापलेल्या गाडीत क्ले मऊ होऊन सरकतं, हा आमचा अनुभव. मैदानावर पोचल्यावर एकदा फेकून पाहिल्याशिवाय दांडीवर चढवायचा नाही.

फेकायची पद्धतही सांगते, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. आपल्या हाताला क्रिकेटचा थ्रो माहीत असतो. तसा फेकलात तर कुठलाही ग्लायडर नाक वर करून कोसळेल आणि तुम्ही उगाच क्ले वाढवत बसाल. संध्याकाळी वारा पडल्यावर, गवतावर, खांद्याच्या उंचीवरून, पंधरा-वीस पावलांवरच्या जमिनीकडे नेम धरून हलकेच ढकलायचा. भाला नव्हे, कागदी होडी पाण्यात सोडतो तसा.

आणि आता ती चाचणी, जी मी मे महिन्यात केली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. शाळेच्या मैदानाला बसायच्या पायऱ्या असतात. सगळ्यात वरच्या पायरीवर जा, कठड्याबाहेर हात काढा, खाली कुणी नाही ना ते बघा, ग्लायडर नाक थेट जमिनीकडे करून धरा आणि नुसता सोडून द्या. फेकायचा नाही. आमचा जुन्या ट्रिमवर सरळ खाली जाऊन गवतात उभा राहिला, चारही अपयशांची हुबेहूब नक्कल. शेपटी आणि क्ले दुरुस्त केल्यावर तोच ग्लायडर माणसाच्या उंचीइतका खाली गेला, नाक उचललं आणि मैदानावर दूरपर्यंत तरंगत गेला. मोटार नाही, दारू नाही, खर्च शून्य. लेकीने नंतर तो वीस वेळा सोडला, प्रत्येक वेळी वेगळ्या वेड्यावाकड्या कोनात. अगदी उलटासुद्धा.

शेपटीचा कोन वाढवल्याचा तोटा आहेच. वर जाताना तो पाठीकडे थोडा जास्त वळायला लागला. आम्ही जोरकस सुटणाऱ्या ए१०ऐवजी ‘अर्धा ए३-२टी’ लावली तेव्हा कमान बरीच कमी झाली. ती अजूनही आहे, आणि मी तिला हात लावणार नाही.

या दुरुस्तीनंतरही ग्लायडर सूर न मारता गिरक्या घेत, मळसूत्रासारखा खाली येत असेल तर ते दुखणं वेगळं. पंखात पीळ आहे. मागून, शेपटीच्या बाजूने एक डोळा मिटून पाहा. दोन्ही पंखांच्या कडा सारख्या दिसल्या पाहिजेत. पीळ वाफेनेच निघतो. पण रंगात दोष आहे का तेही बघा. आमच्या आधीच्या ग्लायडरला लेकीने एकाच पंखावर जाड निळा रंग फासला होता. तो वाळताना लाकूड ओढलं गेलं, शिवाय तो पंख जड झाला. तेव्हापासून आमच्याकडे ब्रश बंद, फक्त स्केचपेन. पंखाचं पोट काळं करा, आकाशात काळं सगळ्यात ठळक दिसतं. पाठ भडक नारिंगी, म्हणजे गवतात सापडतो. पूर्ण सरळ जाणारा ग्लायडरही नको. उभ्या शेपटीला केसभर वळण देऊन मोठ्या घिरट्या घालायला लावा, नाहीतर नीट झालेला ग्लायडर नीटपणे निघून जाईल.

सांगलीचा माझा भाचा हे सगळं फोनवर ऐकून म्हणाला, आत्या, मोटार मी बनवतो, दिवाळीतले फटाके आहेत. त्याला जे सांगितलं तेच इथे: नाही. मॉडेल रॉकेटचा छंद पसरला तोच या कारणाने. नेब्रास्कातले बुटांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ साली बदलता येणाऱ्या मोटारीचं छोटं रॉकेट केलं. तीन वर्षांनी रॉकेट अभियंता हॅरी स्टाइन यांना त्यात उपाय दिसला, कारण घरी दारू ठासून रॉकेट करणारी पोरं तेव्हा बोटं आणि डोळे गमावत होती. इथे आम्ही तयार मोटारसुद्धा पंधरा फुटांवरून, विजेच्या बटणानेच पेटवतो आणि ती पेटली नाही तर मिनिटभर जवळ जात नाही. फटाक्याची दारू उकरून नळीत भरणं हा याचा देशी पर्याय नव्हे. भारतात स्फोटकांचा कायदाही आड येतो.

पण भाच्याला ग्लायडर उडवायचाच असेल तर रबराची गलोल आहे. काठीला अडकवलेला रबराचा लूप, ग्लायडरच्या पोटाला बारकी खाच, मागे ताणून सोडायचा. तोही आधी प्रचंड वेगात जातो आणि वर जाऊन वाटेल त्या अवस्थेत थांबतो. दोन्ही पारडी रिकामी असतील तर तोही तसाच पडतो, आणि दुरुस्तीही तीच. बाल्सा पुण्या-मुंबईत एरोमॉडेलिंगच्या दुकानांत मिळतो. नाही मिळाला तर थर्माकोलच्या पातळ पाट्याही चालतात, फक्त त्यांना वाफ दाखवू नका.

आठवं उड्डाण जुलैच्या दुसऱ्या शनिवारी झालं. मुद्दाम ती नावडती चार सेकंदांची मोटार लावली. स्फोट झाला तेव्हा नाक चांगलंच खाली होतं. ग्लायडर खाली निघाला, लेकीने डोळे झाकले, आणि दोन-तीन झाडांइतकी उंची गमावून त्याने नाक उचललं. घड्याळावर अडतीस सेकंद. मग तो शेजारच्या मक्यात गेला.

मक्यात ग्लायडर गेला तर: तो दिसेनासा झाला तेव्हा तुम्ही उभे होतात त्या जागेवरून, पाय न हलवता, फोनच्या होकायंत्रावर दिशा टिपा. शेताच्या मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका. आत शिरल्यावर रांगा मोजत जा, जुलैतला मका डोक्याच्या वर असतो आणि चार पावलांवर दिशा कळत नाही. एकाने बाहेर उभं राहून हाका मारत राहायचं. पंखावर नाव आणि फोन नंबर आधीच लिहून ठेवा, पक्क्या शाईने. आमचा स्केचपेनने लिहिला होता. रात्री पाऊस पडला.